कलामहर्षी बाबूराव पेंटर

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी संगीत रंगभूमी ऐन भरात होती. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, नगरातील रस्ता अशी दृश्ये रंगविलेले भव्य पडदे रंगमंचावर सोडले जात आणि त्यांच्यापुढे नटमंडळी गात व बोलत. नाटकाची जाहिरात करताना नटांच्या नावांबरोबर नव्या पडद्यांचाही उल्लेख अभिमानाने होई. असे पडदे रंगविणाऱ्यांत कोल्हापूरच्या दोन तरुणांचे नाव त्या काळी अग्रभागी होते. एक आनंदराव आणि दुसरे त्यांचे नात्याने भाऊ असलेले बाबूराव. दोघांचे मूळ आडनाव मेस्त्री. परंतु त्यांच्या कुंचल्याची कीर्ती एवढी पसरली, की लोक त्यांना ‘पेंटर’ याच नावाने ओळखू लागले. पुढे तेच त्यांचे आडनाव झाले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे घराणे कारागिरांचे होते. लाकूड, लोखंड, माती आणि रंग ही त्या घरातील मुलांची खेळणी. हत्यार कसे धरावे, फळीला रंधा कसा मारावा, कोणता रंग कशात मिसळला असता कोणती छटा उमटते, हे बाबूरावांना कोणा गुरुजींनी फळ्यावर लिहून शिकविले नाही. ते त्यांनी पाहता पाहता उचलले. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता ते उत्तम चित्रकार झाले आणि पुढे मूर्तिकलेतही निष्णात झाले.

त्या वेळचे कोल्हापूर हे कलावंतांना अनुकूल असे नगर होते. राजर्षी शाहू महाराजांनी गायक, चित्रकार, नट आणि मल्ल यांना सारख्याच उदारपणे आश्रय दिला होता. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे ज्या नगरात घुमत होते आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार ज्या नगराच्या परिसरातील निसर्ग रंगवीत होता, त्या नगरात बाबूरावांची दृष्टी तयार झाली. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव व बाबूराव यांनी नामवंत नाटक मंडळ्यांसाठी अनेक पडदे रंगविले. सपाट कापडावर खोलीचा भास कसा निर्माण करावा, प्रकाश एका बाजूने येत आहे असे दाखवून खांबाला गोलाई कशी द्यावी, ही विद्या त्यांनी येथेच हस्तगत केली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहून या दोघा भावांच्या मनाने एक नवी ओढ घेतली. आजवर त्यांनी रंगविलेल्या पडद्यांवरील नदी वाहत नव्हती आणि झाडाचे पान हालत नव्हते. येथे मात्र पांढऱ्या पडद्यावर माणसे चालत होती, पाणी वाहत होते. त्या काळी बहुतेक लोकांना सिनेमा म्हणजे घटकाभर करमणूक करणारी एक नवलाची वस्तू वाटे. जत्रेतील जादूच्या खेळाहून त्याची योग्यता फारशी अधिक मानली जात नसे. परंतु चित्रकाराच्या डोळ्यांना त्यात निराळेच काही दिसले. हे हालणारे चित्र होते. आणि चित्र म्हटले, की त्याला रचना हवी, छायाप्रकाश हवा, भाव हवा. चलच्चित्र ही चित्रकलेचीच पुढची पायरी आहे, या जाणिवेने बाबूरावांच्या आयुष्याला दिशा दिली.

दोघा भावांनी मुंबईहून चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले. त्यावर चित्रपट दाखवावेत आणि दाखविता दाखविता त्यांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पण चित्रपट दाखविणे वेगळे आणि तयार करणे वेगळे. त्यासाठी कॅमेरा हवा होता; आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा तो आपणच तयार करावा, असे त्यांनी ठरविले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सरळ धावत नाही. ती किंचित पुढे सरकते, क्षणभर स्थिर होते, तेवढ्यात भिंगापुढील पडदा उघडून एक चित्र टिपले जाते, पडदा मिटतो आणि पट्टी पुन्हा पुढे सरकते. मूकपटांच्या काळात हा प्रकार एका सेकंदात साधारणपणे सोळा वेळा घडावा लागे. दातेरी चाक केसभर जरी चुकले, तरी पडद्यावरील चित्र थरथरू लागे. आनंदराव या कामात रात्रंदिवस गढून गेले होते. दुर्दैवाने कॅमेरा पुरा होण्यापूर्वीच, १९१६ साली, त्यांना अकाली मृत्यू आला.

भावाच्या निधनाने बाबूरावांवर आकाश कोसळले. परंतु अपुऱ्या राहिलेल्या त्या यंत्राने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. विष्णुपंत दामले हे बुद्धिमान व हातचे कुशल शिष्य त्यांच्या मदतीस होते. गुरुशिष्यांनी पुष्कळ खटपटी केल्या, भाग पुन्हा पुन्हा जोडले आणि मोडले. अखेर १९१८ साली कोल्हापुरात घडविलेला तो कॅमेरा चालू लागला.

चित्रपट काढण्यासाठी बाबूरावांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ स्थापन केली. तिच्या उभारणीस तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा दिला. एका कलावतीने दुसऱ्या कलेवर ठेवलेला हा विश्वास होता. कंपनीत दामले यांच्याबरोबर साहेबमामा फत्तेलाल हे दुसरे गुणी शिष्य होते. येथे कोणी केवळ नट किंवा केवळ चित्रकार नसे. ज्याने सकाळी भिंत रंगवावी, त्यानेच दुपारी तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहावे आणि रात्री फिल्म धुण्यास मदत करावी, अशी तेथील रीत होती. वरून पाहणाऱ्यास तो एक कारखाना वाटला असता. वस्तुतः ते गुरुकुल होते.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी एक मोठी अडचण उभी राहिली. चित्रपटात काम करणे हे त्या काळी स्त्रियांना कमीपणाचे मानले जाई. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिकाही एका पुरुषानेच केली होती. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची प्रथा रुळलेली होती. परंतु कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो आणि सोंग उघडे पाडतो, हे बाबूराव जाणून होते. म्हणून स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, असा त्यांचा आग्रह होता. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रिया त्यासाठी पुढे आल्या. चित्रपटसृष्टीत त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. या कामापायी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. नव्या कलेची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही, ती माणसांनाही मोजावी लागते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसून येते.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात कंपनीचा ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीची आणि तिची विटंबना करू पाहणाऱ्या कीचकाची ही कथा. ती लोकांच्या चांगल्या परिचयाची होती. तरीसुद्धा भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतक्या हुबेहूब रीतीने दाखविला होता, की प्रेक्षक हादरून गेले. पुढे सरकारने तो प्रसंग चित्रपटातून काढून टाकण्यास लावले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

बाबूरावांची काम करण्याची पद्धत चित्रकाराची होती. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगाची रेखाटने करीत. पात्राचा पोशाख कसा असावा, त्याने कोठे उभे राहावे, कोणत्या दिशेने चालावे, हे सारे आधी कागदावर उतरे. पात्राच्या मनातील राग किंवा भय त्याच्या नुसत्या उभे राहण्यातून दिसले पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. मूकपटात शब्दांचा आधार नव्हता. मधून मधून दोन-चार ओळींचा मजकूर पडद्यावर येई, एवढेच. बाकीचे सर्व सांगणे चित्राने सांगावयाचे होते.

ज्या रंगीत पडद्यांनी त्यांना नाव मिळवून दिले, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून दूर सारले, ही मोठी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. नाटकात प्रेक्षक एका जागी बसून समोर पाहतो. तेथे रंगविलेला खांब चालतो. चित्रपटात मात्र खोटेपणा लगेच उघडा पडतो. म्हणून बाबूरावांनी खऱ्या भिंती, खरे दरवाजे, आतबाहेर वावरता येईल अशा खोल्या उभारण्यास आरंभ केला. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा दिसे आणि निळा रंग पांढरट दिसे. त्यामुळे डोळ्यांना सुंदर दिसणारे रंग पडद्यावर भलतेच उमटत. डोळ्यांनी रंग पाहावयाचे आणि मनाने त्यांच्या काळ्या-पांढऱ्या छटा ओळखावयाच्या, अशी दुहेरी नजर दिग्दर्शकाला हवी होती. ही नजर बाबूरावांजवळ होती.

१९२३ साली त्यांनी ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीने गड घेतला तो रात्री. आणि रात्र ही केवळ सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला दाखविता येत नव्हती. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून हे प्रसंग चित्रित केले. अंधार म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. अंधाराला आकार देण्यासाठी थोडासा प्रकाशच लागतो, हे चित्रकाराचे ज्ञान येथे कामी आले.

चित्रपटाची भित्तिचित्रेही ते स्वतः रंगवीत. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचे त्यांचे भित्तिचित्र भारतीय चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भित्तिचित्रांत गणले जाते. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापण्याची प्रथाही त्यांनी लवकरच सुरू केली. लोकांनी चित्रपटाला यावे हा तर त्यांतील हेतू होताच. पण रस्त्यावरून जाणाऱ्या, तिकिटाला पैसे नसलेल्या माणसालाही एक चांगले चित्र पाहावयास मिळे.

बाबूरावांच्या कलाजीवनातील सर्वांत धाडसाचे पाऊल म्हणजे १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा चित्रपट होय. तोपर्यंत चित्रपट म्हणजे देवादिकांच्या किंवा शूर वीरांच्या कथा, असेच समीकरण झाले होते. आकाशातून येणारे देव, चमत्कार, लढाया यांना लोक गर्दी करीत. तशा चित्रपटांनी बाबूरावांना यश आणि पैसा दोन्ही दिले होते. तोच रस्ता पुढे चालू ठेवणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी नारायण हरि आपटे यांची एक सामाजिक कथा निवडली. तिचा नायक देव नव्हता, राजा नव्हता. तो एक कर्जबाजारी शेतकरी होता. सावकार खोट्या कागदपत्रांच्या बळावर त्याची जमीन गिळतो. घरदार सोडून शेतकरी शहरात जातो आणि गिरणीतला मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची ही भूमिका शांताराम वणकुद्रे या बाबूरावांच्या शिष्याने केली. व्ही. शांताराम म्हणून पुढे सर्व देशाला परिचित झाले ते हेच.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ही कथा अनोळखी नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जाचे कागद जाळले होते. त्या गोष्टीला पन्नास वर्षे लोटली, तरी पाश सुटलेला नव्हता. बाबूरावांनी हे दुःख भाषणाने नव्हे, तर चित्राने सांगितले. काळोखात बुडालेली एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे, एवढेच एक दृश्य त्यांनी उभे केले. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते. तरीही ते दृश्य पाहिलेल्या जाणत्यांच्या मनात ते अनेक वर्षे घर करून राहिले. घरातील माणसांवर कोणता प्रसंग ओढवला आहे, हे सांगण्यास त्याहून अधिक काही नको होते.

जाणत्यांनी ‘सावकारी पाश’ चित्रपटाचे मोल ओळखले. परंतु सामान्य प्रेक्षकांचा आश्रय त्याला पुरेसा मिळाला नाही. दिवसभराच्या कष्टानंतर विसाव्यासाठी आलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हा आपलेच दुःख पाहणे रुचले नसावे. चमत्कार पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना साधी झोपडी पाहण्याची सवय व्हावयाची होती. कंपनी चालविण्यासाठी बाबूरावांना पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळावे लागले. तरी या कथेवरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. ज्या विषयाने एकदा नुकसान सोसावयास लावले, तोच विषय त्यांनी १९३६ साली बोलपटाच्या रूपाने पुन्हा पडद्यावर आणला.

मधल्या काळात पुष्कळ उलथापालथ झाली होती. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे त्यांचे सहकारी कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. हाताखाली वाढलेली माणसे निघून गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बळ खचले. त्यातच १९३१ साली भारतात पहिला बोलपट आला. लोक पडद्यावरील बोलणे आणि गाणे ऐकण्यासाठी वेडे झाले. मूकपटांचा जमाना पाहता पाहता मावळला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दरवाजे बंद झाले.

बोलपटाचे बाबूरावांनी उत्साहाने स्वागत केले नाही. चित्राने बोलण्याची जी भाषा इतक्या वर्षांच्या कष्टाने घडली, ती शब्दांच्या गर्दीत हरवून जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. ती भीती पूर्णपणे खरी ठरली नाही. परंतु अगदी निराधारही नव्हती. प्रारंभीच्या अनेक बोलपटांत पात्रे एका जागी उभी राहून नाटकासारखी बोलत व गात. जे रंगमंचावरून उचलून बाबूरावांनी चित्रपटापासून दूर केले होते, तेच शब्दांच्या वाटेने परत आल्यासारखे झाले.

बोलपटांच्या काळात त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे मोजकेच चित्रपट दिग्दर्शित केले. आपला बराचसा वेळ त्यांनी चित्रे रंगविण्यात आणि मूर्ती घडविण्यात घालविला. एके काळी त्यांच्या हाताखाली काम केलेले शांताराम तोवर स्वतः मोठे निर्माते झाले होते. त्यांनी आपल्या गुरूला आदराने बोलावून ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे काम त्यांच्याकडे सोपविले. हा चित्रपट १९४७ साली प्रदर्शित झाला आणि लोकप्रिय झाला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे बाबूरावांचे देहावसान झाले. महाराष्ट्राने त्यांना ‘कलामहर्षी’ या नावाने गौरविले आहे.

बाबूरावांची कलाकृती आज पाहू गेल्यास हाती फार थोडे लागते. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे आणि कालांतराने आपोआप कुजतही असे. शिवाय जुनी झालेली फिल्म जपून ठेवावी, ही जाणीवच फारशी नव्हती. खेळ संपला, की करमणूक संपली. मग त्या डब्यांचे काय काम, असे मानले गेले. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, मूर्तिकाराची मूर्ती चौथऱ्यावर राहते. पण बाबूरावांचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले. ‘सावकारी पाश’ चित्रपटातील ती झोपडीही आता पाहावयास मिळत नाही. एखादी कला ही केवळ घटकेची मौज मानली, म्हणजे समाज काय गमावून बसतो, याची ही खूण आहे. चित्रपटांचे जतन करण्यासाठी पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता.

तरीही बाबूरावांची दृष्टी नष्ट झाली नाही. ती त्यांच्या शिष्यांनी पुढे नेली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटाचा इटलीतील व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात सन्मान झाला. त्यातील देहू गाव, घर आणि माणसे यांचा साधा खरेपणा ज्यांनी पाहिला, त्यांना कोल्हापूरच्या त्या गुरुकुलाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास गेली. ज्या जागेत तिचे चित्रपट तयार होत, त्याच जागेत १९६० साली चित्रपटकलेचे शिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली. चित्रपट ही शिकण्याची आणि अभ्यासण्याची कला आहे, ही गोष्ट अशा रीतीने सर्वमान्य झाली. बाबूरावांनी मात्र ती कोणी सांगण्यापूर्वीच ओळखली होती, आणि तीही विकत घेण्यास पैसे नव्हते म्हणून स्वतःच्या हाताने घडविलेल्या कॅमेऱ्यातून पाहून.

मनोरंजन करणे हा चित्रपटाचा दोष नव्हे. बाबूरावांनाही लोकांनी भरलेले चित्रपटगृह प्रिय होते. परंतु दिवे लागून लोक घरी परतल्यावरही जे मनात उरते, ते त्यांना अधिक मोलाचे वाटत होते. काळोखातील त्या झोपडीचे चित्र आज कोठेही नाही. पण पडद्यावरील चित्राकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा प्रत्येक प्रेक्षक नकळत या थोर चित्रकाराचे ऋण फेडीत असतो.